नागरी वास्तुविकास आणि लोकमत, मुंबईतील

शहरात नव्याने होणारी समुद्रभरणी, वसाहती व इमारती यांविषयी नागरिकांत तयार होणारे अनुकूल-प्रतिकूल मत आणि त्या मताचा योजनांवर व त्यांच्या वास्तुविशारदांवर झालेला परिणाम यांचा हा आढावा आहे. भारतात या संघर्षाचा इतिहास मुंबईइतका सलगपणे अन्यत्र क्वचितच आढळतो. जमिनीची कायमची टंचाई, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून वाढलेली इंग्रजी, मराठी व गुजराती वृत्तपत्रे, व्यापारी संघटना आणि १८७२ च्या कायद्याने अंशतः लोकनियुक्त झालेली नगरपालिका ही त्याची प्रमुख कारणे होत. मात्र त्या काळी लोकमत म्हणून ज्याची नोंद होई, ते बव्हंशी करदात्यांचे मत असे. गिरणीत राबणारा कामगार, किनाऱ्यावरचा कोळी आणि चाळीतला पोटभाडेकरू यांना मताधिकार नव्हता. त्यामुळे त्यांचा अभिप्राय सभावृत्तांतात सापडत नाही. खोली रिकामी ठेवणे, भाडे थकविणे वा जमीन सोडण्यास नकार देणे अशा कृतींतूनच तो वाचावा लागतो.

मुंबईच्या पहिल्या मोठ्या बांधकामयुगाला लोकांचा विरोध असा झालाच नाही. उलट उत्साहाचा अतिरेक झाला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) लँकाशरला अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईत पैशाचा पूर लोटला. याच काळात गव्हर्नर सर बार्टल फ्रीअर (कार. १८६२–६७) यांनी किल्ल्याचे तट पाडण्याचे काम हाती घेतले. गोविंद नारायण माडगावकर यांचा मुंबईचे वर्णन (१८६३) हा ग्रंथ या स्थित्यंतराच्या उंबरठ्यावरचा आहे. मलबार टेकडी व कुलाबा यांमधील बॅक बे हा उपसागर भरून काढण्यासाठी स्थापन झालेल्या कंपनीचे भाग दर्शनी किंमतीच्या कितीतरी पटींनी विकले गेले. समुद्राच्या तळाशी असलेल्या, अजून न दिसणाऱ्या जमिनीवर श्रीमंत होण्याची ही कल्पना शहराने डोळे मिटून स्वीकारली. युद्ध संपताच कापसाचे भाव कोसळले आणि १ जुलै १८६५ या वायद्याच्या दिवशी व्यापारी पेढ्यांची दिवाळी निघाली. बॅक बेची योजना बारगळली. भरणीतून निघालेली जमिनीची चिंचोळी पट्टी तेवढी लोहमार्गाच्या उपयोगी पडली. या अनुभवाचा ठसा पुढील दोन पिढ्यांच्या मनावर राहिला आणि ‘बॅक बे’ हा शब्द मुंबईकरांच्या कानांना नेहमीच काहीसा संशयास्पद वाटत आला.

तट पडल्यानंतर मोकळ्या झालेल्या जागेवर नवगॉथिक शैलीतील सरकारी व विद्यापीठीय इमारती उभ्या राहिल्या. विद्यापीठाचे सभागृह आणि राजाबाई मनोऱ्यासह ग्रंथालय यांचे आराखडे सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी मुंबईत पाऊलही न टाकता इंग्लंडमधून पाठविले. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचे व्हिक्टोरिया टर्मिनस (१८७८–८८) हे मात्र शहरात राहून घडविलेले काम होय. नेटिव्ह समाजाने या इमारतींकडे अभिमानाने पाहिले. विलायती रसिकांनी त्यांना पुढे नाके मुरडली. ऑल्डस हक्सली यांनी १९२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रवासवर्णनात मुंबईच्या वास्तूंची यथेच्छ टर उडविली आहे. वास्तूविषयीचे मत किती चंचल असते, याचा हा एक मासला. कारण पुढे याच इमारती जागतिक वारसा म्हणून मान्य झाल्या.

सुधारणा मंडळ : १८९६ मध्ये प्लेगची साथ आल्यावर १८९८ मध्ये ‘बॉम्बे सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट’ हे मंडळ कायद्याने स्थापन करण्यात आले. कोंदट वस्त्या पाडणे, रुंद रस्ते काढणे व नव्या वसाहतींची आखणी करणे ही त्याची कामे. मंडळाचे एक अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी इमारतींमधील अंतर ठरविताना साडेत्रेसष्ट अंशांच्या प्रकाशकोनाचा आग्रह धरला. म्हणजे समोरची भिंत जितकी उंच, त्या प्रमाणात मधली मोकळी जागा अधिक. आरोग्यशास्त्राच्या दृष्टीने हा नियम निर्दोष होता, परंतु घरमालकाला त्यात बुडालेले भाडे दिसले आणि भाडेकरूला डोक्यावरचे गेलेले छप्पर. मंडळाने पाडलेल्या खोल्यांच्या मानाने नव्या खोल्या कमी व उशिरा बांधल्या गेल्याने निघालेले रहिवासी शेजारच्या गल्लीत जाऊन तेथील गर्दी वाढवीत. याउलट दादर-माटुंगा भागातील मंडळाच्या वसाहती आरंभी शहरापासून फार दूर म्हणून उपेक्षित होत्या. दोन दशकांतच त्या मध्यमवर्गाच्या सुखवस्तू जीवनाचा आदर्श ठरल्या. मंडळ १९३३ मध्ये महानगरपालिकेत विलीन झाले. लोकांचे त्याच्याविषयीचे मत शेवटपर्यंत असे दुभंगलेले राहिले आणि ते तसे राहणे न्याय्यच होते.

विकास खाते आणि बॅक बे प्रकरण : पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस मुंबईत घरांची टंचाई शिगेला पोहोचली. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड (कार. १९१८–२३) यांनी १९२० मध्ये ‘डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ हे स्वतंत्र खाते निर्माण केले आणि त्याच्याकडे दोन प्रचंड कामे सोपविली : बॅक बेमधील सु. ४६३ हेक्टर (१,१४५ एकर) क्षेत्राची भरणी आणि कामगारांसाठी ५०,००० खोल्यांचे बांधकाम. नगरपालिका व सुधारणा मंडळ या दोन्ही संस्था अस्तित्वात असताना हे तिसरे खाते लोकप्रतिनिधींच्या नियंत्रणाबाहेर ठेवण्यात आले. पुढील वादाचे मूळ भिंती व गाळ यांपेक्षा या निर्णयात अधिक आहे.

भरणीच्या योजनेचा तांत्रिक आधार सर जॉर्ज ब्यूकॅनन या अभियंत्याचा अहवाल हा होता. कुलाब्याकडून व मलबार टेकडीच्या बाजूने दगडी भिंत घालावयाची आणि बंदरातील गाळ उपसा-जहाजाने काढून नळांवाटे भिंतीच्या आत सोडावयाचा, अशी ही पद्धत. प्रत्यक्षात तळाशी अपेक्षेप्रमाणे चिकणमाती मिळेना, उपसा ठरलेल्या गतीने होईना, आणि रचलेल्या दगडांच्या फटींतून आत सोडलेला गाळ भरती-ओहोटीबरोबर पुन्हा समुद्रात जाऊ लागला. अंदाजपत्रक काही वर्षांतच जवळजवळ दुप्पट झाले. इकडे युद्धोत्तर तेजी ओसरून जमिनीचे भाव उतरले. अधिक खर्चून मिळणारी जमीन कमी किंमतीला विकावी लागणार, हे व्यापारी वर्गाने सरकारच्या आधी ओळखले. ज्या शहराने १८६५ साली बॅक बेच्या कागदांवर संसार बुडविले होते, त्याला हे गणित समजावून सांगण्याची आवश्यकता नव्हती.

या असंतोषाला वाचा फोडली ती खुरशेद फ्रामजी नरिमन (१८८३–१९४८) यांनी. व्यवसायाने वकील असलेले नरिमन स्वराज्य पक्षातर्फे मुंबई विधिमंडळात निवडून आले होते. त्यांनी खात्याची कागदपत्रे, कंत्राटे व मोजमापे यांवर प्रश्नांची सरबत्ती चालविली. बॉम्बे क्रॉनिकल या राष्ट्रीय विचारांच्या दैनिकाने ती घरोघर पोहोचविली. ‘लॉइड यांचा मूर्खपणा’ अशा अर्थाचे योजनेला पडलेले इंग्रजी टोपणनाव सर्वतोमुखी झाले. अखेर १९२६ मध्ये सर ग्रिमवुड मिअर्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमणे सरकारला भाग पडले. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे तिचे एक सदस्य होते. चौकशीच्या ओघात नरिमन यांनी केलेल्या आरोपांवरून खात्यातील हार्वे या अभियंत्याने त्यांच्यावर बदनामीचा फौजदारी खटला भरला. १९२८ मध्ये नरिमन निर्दोष सुटले आणि लोकांनी त्यांना ‘वीर’ ही उपाधी दिली. समितीच्या शिफारशीनुसार आठ विभागांपैकी पहिला, दुसरा, सातवा व आठवा एवढेच विभाग पूर्ण करावयाचे ठरले. मधले चार समुद्रातच राहिले. संघटित लोकमताने सरकारी बांधकाम योजना निम्म्यावर आणल्याचे हे भारतातील आरंभीचे एक ठळक उदाहरण होय. अर्थात या विजयात जमिनीच्या उतरलेल्या भावाचा वाटाही मोठा होता, हे नरिमन यांच्या गौरवाच्या भरात विसरले जाते.

खात्याचे दुसरे काम मानाने कमी गाजले. पण मनुष्यवस्तीच्या दृष्टीने तेच अधिक महत्त्वाचे. ५०,००० खोल्यांपैकी एकतृतीयांशाच्या आसपासच बांधून झाल्या. वरळी, नायगाव, डिलाइल रोड (आताचा ना. म. जोशी मार्ग) व शिवडी येथे एकूण २०७ चाळी उभ्या राहिल्या. तळमजला व वर तीन मजले, प्रत्येक मजल्यावर मधल्या बोळाच्या दोन्ही बाजूंना मिळून वीस खोल्या, प्रत्येक खोली सु. १५ चौ. मी. (१६० चौ. फुट) आणि शौचालये सामाईक, अशी त्यांची रचना. सलोह काँक्रीटचा इतक्या मोठ्या प्रमाणावरील वापर तेव्हा नवा होता. कामगारांनी मात्र या चाळींकडे पाठ फिरविली. भाडे परवडत नव्हते, गिरणीपासून अंतर पडत होते, आणि काँक्रीटच्या भिंतींत उन्हाळ्यात होणारी तलखी सहन होत नव्हती. खोल्या वर्षानुवर्षे ओस पडल्या. सविनय कायदेभंगाच्या काळात वरळीच्या काही चाळींचा उपयोग राजबंद्यांसाठी तात्पुरता तुरुंग म्हणून करण्यात आला. वास्तूवर यापेक्षा बोलका अभिप्राय क्वचितच नोंदला गेला असेल. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास शहराची लोकसंख्या वाढली, भाडी उतरली आणि याच चाळी भरून वाहू लागल्या. कोकणातून व घाटावरून आलेल्या कुटुंबांनी तेथे गणेशोत्सव, व्यायामशाळा, भजनी मंडळे व वाचनालये उभी केली. आराखड्यात ज्याला केवळ जाण्यायेण्याची वाट मानले होते, तो बोळ सामाईक ओटा झाला. वास्तुविशारदाने न दिलेले गुण रहिवाशांनी इमारतीस दिले, असेच येथे म्हणावे लागते.

भरणीच्या पूर्ण झालेल्या भागावर, चर्चगेटपासून चौपाटीपर्यंत, १९३० नंतरच्या दशकात मरीन ड्राइव्ह व ओव्हल मैदानासमोरच्या निवासी इमारतींची रांग उभी राहिली. या वेळी रचनाकार बहुसंख्येने भारतीय होते. गजानन बाबुराव म्हात्रे (१९०२–७३), मास्टर, साठे व भुता ही संस्था, एरॉस चित्रपटगृहाचे (१९३८) सोराबजी भेदवार ही त्यांपैकी काही नावे. आर्ट डेको शैलीतील वळणदार सज्जे, खिडक्यांवरील आडव्या छावण्या, स्वयंपाकघर व न्हाणीघर यांची घरातच सोय आणि उद्वाहन यांमुळे ‘ब्लॉक’ किंवा ‘फ्लॅट’ हा राहणीचा प्रकार मध्यमवर्गाच्या आटोक्यातील स्वप्न बनला. ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स’ या संस्थेने १९३७ मध्ये टाउन हॉलमध्ये भरविलेल्या आदर्श गृह प्रदर्शनाला लोटलेली गर्दी या ओढीची साक्ष देते. जुन्या पिढीला एकाच छताखाली परक्यांबरोबर राहणे, जाती-पंथांची सरमिसळ व न्हाणीघराचे सोवळे यांविषयी शंका होत्या. काही इमारती एकाच समाजासाठी राखून त्या शंकांचे निरसन करण्यात आले. ज्या भरणीची वीस वर्षे निंदा झाली, तिच्यावरचा हा अर्धवर्तुळाकार रस्ता अल्पावधीत शहराचे बोधचिन्ह ठरला. युनेस्कोने ३० जून २०१८ रोजी व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको या दोन्ही समूहांचा एकत्रितपणे जागतिक वारसास्थळांत समावेश केला.

नरिमन पॉइंट आणि जुळे शहर : स्वातंत्र्योत्तर काळात बॅक बेचे उरलेले विभाग भरण्याचे काम पुन्हा सुरू झाले आणि त्यांतील टोकाला नरिमन यांचेच नाव मिळाले. ज्यांनी भरणी रोखली त्यांच्या नावाने भरणीचा भूखंड ओळखला जावा, यातील विनोद त्या वेळी फारसा कोणाला जाणवला नाही. तेथे जोसेफ ॲलन स्टाइन यांचे एक्सप्रेस टॉवर्स (१९७२), जॉन जोहॅनसन यांची एअर इंडियाची इमारत (१९७४) यांसारखी उंच कार्यालये उभी राहिली.

याच सुमारास मुंबईच्या वाढीविषयी वेगळा विचार पुढे आला होता. महानगरपालिकेने १९६४ मध्ये विकास आराखडा प्रसिद्ध करून नागरिकांच्या सूचना मागविल्या. चार्ल्स कोरिया व प्रविणा मेहता हे वास्तुविशारद आणि शिरीष पटेल हे अभियंता यांनी हरकतीचा अर्ज भरण्याऐवजी पर्यायी शहराचीच कल्पना मांडली आणि मुल्कराज आनंद यांच्या संपादनाखालील मार्ग या कलाविषयक नियतकालिकाने १९६५ मध्ये तिच्यासाठी विशेषांक काढला. शहराची उत्तर-दक्षिण वाढ थांबवून खाडीपलीकडे पूर्वेस नवे शहर वसवावे व शासकीय कार्यालये तेथे नेऊन खासगी धंद्यांना तिकडे आकर्षित करावे, हा तिचा गाभा. धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीचाही कल विकेंद्रीकरणाकडे होता. मार्च १९७० मध्ये ‘सिडको’ची स्थापना झाली आणि कोरिया तिचे प्रमुख वास्तुविशारद (१९७०–७४) झाले. पण शासनाने एका हाताने नवी मुंबई वसविताना दुसऱ्या हाताने नरिमन पॉइंटचे भूखंड विकले. सार्वजनिक लिलाव न करता झालेल्या या वाटपाविरुद्ध संसद सदस्य व वास्तुविशारद पिलू मोदी आणि अन्य नागरिक उच्च न्यायालयात गेले; किसन मेहता यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या ‘सेव्ह बॉम्बे कमिटी’ने सभा व निवेदनांद्वारा विरोध संघटित केला. सचिवालय जागचे हलले नाहीच. शिवाय नवे विधान भवनही १९८१ मध्ये नरिमन पॉइंट येथेच सुरू झाले. नवी मुंबई पहिली वीस वर्षे रेंगाळली, याचे खापर पुष्कळदा रचनाकारांच्या स्वप्नाळूपणावर फोडण्यात येते. ते अन्यायाचे आहे. योजनेचा कणा असलेला निर्णय त्यांच्या हातचा नव्हता.

रचनाकारांचा दोष शोधावयाचाच, तर तो दुसरीकडे आहे. नव्या शहरासाठी संपादित व्हावयाच्या क्षेत्रात तत्कालीन ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गावे होती. आगरी, कोळी व अन्य शेतकऱ्यांची भातशेती, मिठागरे व खाडीतील मासेमारी यांवर तेथील संसार चालत. शहराचा विचार करताना या गावांचे मत आधी घेण्यात आले नाही. कमी दराने होणाऱ्या संपादनाविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा उभा राहिला आणि जानेवारी १९८४ मध्ये उरण परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच आंदोलक मृत्युमुखी पडले. या बलिदानामुळेच संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकास परत देण्याचे धोरण पुढे मान्य झाले. मार्गच्या सुबक नकाशांत ही किंमत कोठेच दर्शविलेली नव्हती.

कोरिया (मृत्यू २०१५) यांच्याविषयीचे लोकमत या संदर्भात लक्षणीय आहे. पेडर रोडजवळील कांचनजंगा (१९८३) हा त्यांचा २८ मजली आलिशान मनोरा अभ्यासकांनी वाखाणला, तर सामान्य वाटसरूला तो श्रीमंतांच्या मुंबईचे चिन्ह वाटला. त्याच काळात त्यांनी बेलापूरला बैठ्या, अंगणवजा चौकांभोवती गुंफलेल्या व कुटुंबाच्या ऐपतीप्रमाणे वाढविता येणाऱ्या घरांची वसाहत रचली. तेथील अनेक रहिवाशांनी पुढे मूळ घरे पाडून पक्के मजले चढविले. याला काही समीक्षक प्रयोगाचे अपयश म्हणतात. वाढीची मुभा देणे हाच प्रयोगाचा हेतू असल्याने हा निष्कर्ष घाईचा ठरतो.

गिरण्यांच्या जमिनी : १९८२ च्या संपानंतर मध्य मुंबईतील सु. २४० हेक्टर (६०० एकर) गिरणी-जमिनींचा प्रश्न निर्माण झाला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमानुसार पुनर्विकासात स्थूलमानाने एकतृतीयांश जमीन मोकळ्या जागेसाठी, एकतृतीयांश सार्वजनिक घरबांधणीसाठी व उरलेली मालकासाठी असे त्रिभाजन अभिप्रेत होते. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांसाठी १९९६ मध्ये नेमलेल्या कोरिया समितीने सर्व जमिनींचा एकत्रित विचार करण्याची शिफारस केली. ती कागदावर राहिली. २००१ च्या दुरुस्तीने वाटणीची ही तरतूद केवळ आधीच मोकळ्या असलेल्या जागेपुरती सीमित झाली आणि सार्वजनिक हिस्सा अगदी नाममात्र उरला. ‘बॉम्बे एन्व्हायरन्मेंटल ॲक्शन ग्रुप’च्या याचिकेवर उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये दिलेला अनुकूल निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये फिरविला. १९२६ साली नरिमन यांच्या बाजूस व्यापारी, वृत्तपत्रे व राष्ट्रीय पक्ष एकत्र होते. या वेळी मध्यमवर्गाला उद्याने हवी होती, कामगारांना घरे हवी होती, आणि दोघांच्या सभा वेगळ्या भरत होत्या. मुंबईच्या लोकमताची ही फूट मालकांच्या वकिलांइतकीच निर्णायक ठरली. गिरणी कामगारांसाठी २०१२ मध्ये निघालेल्या सोडतीत लाखाहून अधिक अर्जदारांच्या वाट्याला सात हजारांहूनही कमी घरे आली.

जुन्या वास्तूंच्या बाबतीत चित्र काहीसे निराळे दिसते. वारसा इमारतींच्या संरक्षणाचे नियम १९९५ मध्ये मुंबईत लागू झाले. असे नियम करणारे ते भारतातील पहिले शहर होय. हरकती घेण्याचा हक्क महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाने (१९६६) दिलेलाच होता. त्याचा प्रभावी वापर २०१५ मध्ये झाला : महानगरपालिकेच्या २०१४–३४ या कालखंडासाठीच्या प्रारूप आराखड्यावर साठ हजारांहून अधिक हरकती-सूचना आल्या आणि अस्तित्वात असलेले रस्ते, शाळा व देवळेही चुकीची दर्शविणारा तो आराखडा मागे घेऊन नव्याने करावा लागला. सुधारित आराखड्यास २०१८ मध्ये मंजुरी मिळाली.

विकास खात्याच्या चाळींचा पुनर्विकास ‘म्हाडा’मार्फत हाती घेण्यात आला असून त्यानुसार १५ चौ. मी. खोलीच्या जागी प्रत्येक पात्र कुटुंबास ५०० चौ. फुटांचे (सु. ४६ चौ. मी.) घर विनामूल्य द्यावयाचे आहे. अनेक रहिवाशांनी आरंभी या योजनेस कसून विरोध केला. उंच मनोऱ्यांच्या देखभालीचा खर्च, इमारतींमधील अपुरे अंतर, पात्रतेच्या अटी आणि मोकळ्या मैदानांचे भवितव्य हे त्यांचे मुख्य आक्षेप होते. इमारतींमधील अंतराबाबतचा आक्षेप ऑर यांच्या प्रकाशकोनाची आठवण करून देणारा आहे. वरळी येथील पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्यांचे वाटप ऑगस्ट २०२५ मध्ये झाले.